राजलक्ष्मीचं तोंड

राजलक्ष्मी नाचायला लागली की बघणाऱ्याच्या हातातला चहा निवून जायचा. पांढरीशुभ्र घोडी, कानांची टोकं आत वळलेली. हलगीच्या पहिल्या ठोक्याला ती मान उचलायची, दुसऱ्याला पुढचा उजवा पाय दुमडून छातीशी आणायची, आणि मग जागच्या जागी अशी पावलं टाकायची, की खुरांखालच्या मातीला दुखू नये म्हणून जपते आहे असं वाटावं.

तिला शिकवलं भैरूने. माणदेशात, ओढ्याच्या वाळूत, तीन वर्षं. चाबूक नाही, आरडाओरडा नाही. गुडघ्याचा हलका दाब, जिभेची टकटक, आणि पाऊल बरोबर पडलं की मूठभर भिजवलेले हरभरे. कुणी कौतुक केलं की भैरू संकोचायचा. "ती तयारच आली हुती," म्हणायचा. "म्या निस्तं इचारत गेलो, ती सांगत गेली."

सत्त्याण्णव साली कोपरखैरण्याच्या धर्मराज म्हात्र्यांनी तिला विकत घेतलं. सरकारने घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांतल्या प्लॉटवर त्यांची चार मजली इमारत नुकती उभी राहिली होती, खाली दुकानं, वर भाडेकरू. इमारतीच्या मागे त्यांनी पत्र्याचा तबेला बांधला, त्याला लागून एक खोली काढली आणि घोडीबरोबर भैरू आणि त्याची बायको सत्यभामा यांनाही आणलं.

"घोरी तूच सांभाल," धर्मराजशेठ म्हणाले. "नाव तेवढा आमचा."

माणूस वाईट नव्हता. घोडीला लसूणघास, हरभऱ्याची चंदी, खाली रोज कोरडा भुसा, सगळं विचारल्याबरोबर यायचं. भैरूला वाटलं, देवाने चांगलं घर दाखवलं.

अडचण एकच होती. इकडच्या जत्रांतून घोडी नाचवायच्या स्पर्धा व्हायच्या, आणि तिथली रीत अशी, की घोडीवर मालकाच्या घरचाच माणूस बसला पाहिजे. नोकर बसला तर लोक टाळ्या वाजवतील, पण ढाल घराला मिळायची नाही. आणि शेठच्या घरात बसण्याजोगा होता एकटा त्यांचा मुलगा, मिथुन.

मिथुन बावीस-तेवीसचा, हसतमुख, मोटरसायकलवर जीव. मित्र त्याला हळदीच्या कार्यक्रमांत चिडवायचे, "घोडी तुझी, नाचवतो भैरू. मग तू काय करतो रे? चारा खातो?" तेव्हापासून त्याने मनावर घेतलं होतं.

तो घोडीवर बसायचा आणि मोटरसायकलचं हँडल धरावं तसा लगाम धरायचा. तोल गेला की लगाम ओढायचा. भीती वाटली की ओढायचा. घोडी थांबली की टाच मारायचा, आणि ती पुढे गेली की घाबरून पुन्हा ओढायचा. प्रत्येक पावलाला तिच्या पाठीवर धप्पकन आदळायचा. राजलक्ष्मी मात्र तो डावीकडे कलला की स्वतः डावीकडे सरकायची आणि त्याला वर झेलून धरायची. भैरू हे रोज बघायचा.

"मिथुनशेठ, लगाम धरून बसायचं नसतंया," तो एके दिवशी म्हणालाच. "तुमच्या हातात चामडं हाय. दुसऱ्या टोकाला तिच्या तोंडाचं मांस हाय."

"अरे मामा, सोडला तर मी पडेन ना! हाडबीड मोडलं तर बाबा तुला सोडतील?"

"मांड्यांनी धरा. मांड पक्की झाली की हात आपसूक हलका हुतो. वरीसभर लगामाबिगर बसा. म्या दोरी धरून फिरवतो."

"वर्षभर?" मिथुन हसला. "चंपाषष्ठीला वीस दिवस राहिलेत. टेन्शन नको घेऊस. नाचते ना ती? मग झालं तर."

नाचत होती, हे खरंच होतं. ओठांचे कोपरे फाटलेले, तरी नाचत होती. सत्यभामा रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की लोण्यात हळद कालवून आणायची आणि घोडीच्या तोंडाला लावायची. "आवं, आज डाव्या बाजूनं बी गेलंय," ती सांगायची. भैरू खरारा करत राहायचा, वर बघायचा नाही.

मग त्याला एक सुचलं. त्याच्याच गावचा मधुकर तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होता. माल उतरवून मोकळा झाला की दुपारी यायचा, आणि हलगी अशी वाजवायचा की ऐकत राहावं. भैरूने त्याला हाताशी धरून एकेका ठेक्याला एकेक पाऊल बांधून दिलं. हा ठेका वाजला की गोल फिरायचं, हा वाजला की मागे यायचं, हा वाजला की पुढचे दोन्ही पाय उचलायचे. वर बसणाऱ्याने काही करायलाच नको. राजलक्ष्मीने पंधरा दिवसांत सगळं उचललं.

"आता तुमी निस्तं बसा," भैरू मिथुनला म्हणाला. "हात सैल. बाकीचं ती बघंल."

पण मिथुनचा हात सैल झाला नाही. ठेका बदलायचा, घोडी पाऊल बदलायची, आणि नेमका त्याच वेळी याने लगाम ओढलेला असायचा. त्याला वाटायचं, ओढला म्हणून ती वळली. "बघितलंस?" तो घामाघूम होऊन म्हणायचा. "आता हात बसला माझा." आणि पुढच्या वेळी अजून जोरात ओढायचा. भैरूने घोडीसाठी केलं होतं, त्याचं श्रेय मिथुनच्या हाताला मिळालं.

चंपाषष्ठीच्या जत्रेला खाडीकडच्या एका गावात मैदान भरलं. पंच म्हणून जयप्रकाश मास्तर आले होते. घोडी शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी माईकवरून नवा नियम सांगितला. नाच झाला की ते पांढऱ्या फडक्याने घोड्याचं तोंड पुसून बघणार, फडक्याला रक्त लागलं तर घोडा बाद.

भैरूने मनातल्या मनात खंडोबाला हात जोडले. आजपर्यंत त्याने कधी हरण्यासाठी देवाला साकडं घातलं नव्हतं. देवा, आज हिला बाद होऊ दे. एकदा बाद झाली, चारचौघांत का झाली ते कळलं, की पोरगा लगाम सोडंल, नाहीतर घोडी तरी सोडंल.

मैदानात जायच्या आधी धर्मराजशेठच्या आई, गोजराआजी, ताट घेऊन पुढे आल्या. त्यांनी घोडीला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि माया दाटून आली म्हणून उरलेलं कुंकू नाकपुड्यांपासून ओठांपर्यंत हाताने माखलं. "माजी लक्षुमी गो ती," म्हणाल्या.

हलगी वाजली. राजलक्ष्मी नाचली. मिथुन तिच्या पाठीवर आदळत होता, त्याची कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी फडफडत होती, आणि खाली त्या घोडीने एकही पाऊल चुकवलं नाही. तिच्या तोंडाचा फेस पांढऱ्याचा गुलाबी झालेला भैरूला लांबून दिसला. लोक शिट्ट्या मारत होते.

जयप्रकाश मास्तरांनी तोंड पुसलं. फडकं लालभडक.

"कुंकू हाय ता, मास्तर," धर्मराजशेठ हसत पुढे झाले. "आईनं ओवालला ना तिला. सगल्यांनी बघितलाय."

मास्तरांनी फडक्याकडे पाहिलं, मग घोडीच्या डोक्याशी उभ्या असलेल्या भैरूकडे. "कुंकू आहे का रे?"

सत्यभामेने गर्दीतून नुसती मान हलवली. सांग म्हणून की नको म्हणून, ते त्याला कळलं नाही.

"न्हाई मास्तर," भैरू म्हणाला. "रगात हाय."

मास्तरांनी पाणी मागवलं, कुंकू धुऊन काढलं आणि ओठ वर करून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माईकपाशी गेले. "घोडीने स्वतःची जीभ चावली आहे. स्वाराचा त्यात दोष नाही. घोडी बाद नाही."

पहिली ढाल राजलक्ष्मीला, म्हणजे म्हात्र्यांना. गुलाल उडाला, पोरांनी मिथुनला खांद्यावर घेतलं.

भैरूने मास्तरांना मांडवामागे गाठलं. "मास्तर, तुमी बघितलंत. तुमाला कळतंय त्यातलं."

"कळतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मला सांग, इतकी सुंदर नाचलेली घोडी मी आजवर बघितली नाही. हिला बाद करून मागच्या त्या तीन रडतराऊतांपैकी कुणाला ढाल देऊ? लोक दगड मारतील." त्यांनी फडकं चार घड्या करून खिशात ठेवलं. "अशी नाचायला नको होती रे ती."

भैरूला वाटलं होतं, आता गाठोडं बांधावं लागणार. पण धर्मराजशेठ रागावले नाहीत. "खरा बोललास, चांगला केलास," म्हणाले. "पन जीभ चावते, तर तोंड बांधाला नको तिचा?" दोन दिवसांत मिथुनने चामड्याचा रुंद पट्टा आणला. घोडीचे जबडे त्याने असे आवळले की ना जीभ बाहेर, ना फेस. बाहेरून सगळं कसं नीटनेटकं दिसायला लागलं. आत काय चाललंय ते संध्याकाळी पट्टा सोडला की सत्यभामेला दिसायचं.

पुढची स्पर्धा माघात होती, द्रोणागिरीच्या बाजूला. भैरू आठवडाभर नीट जेवला नाही. मग एका दुपारी, मिथुन बाहेर गेल्याचं बघून, त्याने मधुकरला बोलावलं.

"वाजव. ती नाचाय लागली की थांब. उभी ऱ्हायली की पुन्यांदा वाजव."

मधुकरने हलगी खाली ठेवली. "येड लागलंय काय तुला? नाच मोडतूयास तिचा?"

"व्हय."

"आवं, इद्या हाय ती," सत्यभामा म्हणाली. "देवानं दिलेली. आपल्या हातानं पुसायची?"

"मग काय करू? नाचती म्हणून तर बसतूया तो."

हलगी वाजली, राजलक्ष्मीने पाय उचलला, आणि भैरूने हरभरे दिले नाहीत. तिने पुन्हा उचलला, अजून उंच. मग मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिचं काय चुकलं ते तिला कळेना. भैरू पाठमोरा झाला. पाय खाली टेकवून ती उभी राहिली, तेव्हा त्याने ओंजळ पुढे केली.

बारा दुपारी हे चाललं. बाराव्या दुपारी मधुकरने घाम फुटेपर्यंत हलगी बडवली आणि राजलक्ष्मी गोठ्यातल्या म्हशीसारखी उभी राहिली. शेपटीने माशा वारत. भैरूने तिच्या मानेवर कपाळ टेकलं. सुटलीस गं बाई, म्हणाला. त्या रात्री तो पोटभर जेवला.

रविवारी मिथुन मित्रांना सरावाला घेऊन आला. बसला, ऐटीत हात वर केला. हलगी वाजली. घोडी हलली नाही.

"अबे, हँडब्रेक लागलाय!" एकजण ओरडला.

"घोडी आणलीस का म्हैस? दूध देते का बघ!"

मिथुनचं तोंड लाल झालं. त्याने टाच मारली. ती उभीच. मग त्याने दोन्ही हातांनी लगाम खेचला आणि टाचांवर टाचा मारत सुटला. राजलक्ष्मीने मान मागे टाकली, मागच्या पायांवर खाली बसल्यासारखी झाली, आणि चारही पाय जागच्या जागी आपटायला लागली. थरथर, उसळी, पुन्हा थरथर. तिला ठेका ऐकू येत नव्हता. पुढे जावं तर तोंड फाटत होतं, मागे जावं तर बरगड्यांत टाच बसत होती.

आणि मित्र टाळ्या वाजवत होते. "अरे काय भारी! ही तर जत्रेपेक्षा मस्त!"

मिथुन उतरला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "कळलं मला, मामा. हिला धाक पाहिजे. साधा लगाम नाही चालत आता."

"मिथुनशेठ, तो नाच नव्हता. पाया पडतो तुमच्या—"

"तू तिच्यावर जीव टाकतोस म्हणून आळशी झालीये ती." त्याने भैरूच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी प्रेमाने. "तू चांगला माणूस आहेस, मामा. पण जिंकायचं तर थोडं कडक व्हावं लागतं."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी टेंपो दारात लागला होता. मिथुनने कागदात गुंडाळलेला नवा लगाम काढला. जिभेवर बसणाऱ्या त्याच्या लोखंडी दांडीवर काटे होते, बोटाच्या पेराएवढाले.

"म्या न्हाई घालणार," भैरू म्हणाला.

"नको घालूस," मिथुन शांतपणे म्हणाला. इमारतीच्या कामावरचे दोघे गडी त्याने हाक मारून बोलावले.

त्यांनी कधी घोडीला हात लावला नव्हता. एकाने वरच्या ओठाला दोरीचा फास घातला आणि काठीने पिळला. राजलक्ष्मी मागच्या पायांवर उभी झाली, डोकं पत्र्याला धाडकन आदळलं. दुसऱ्याने लोखंड दातांवर दाबलं. तिने दात आवळून घेतले. लोखंड दातांवर ठाक ठाक वाजत होतं. मिथुन मानेला लोंबकळला. सत्यभामा भिंतीकडे तोंड करून देवाचं नाव घेत होती. घोडीच्या भुवईवरून रक्ताची एक रेघ उतरली. तरी तिने तोंड उघडलं नाही.

"पहार आण रे," मिथुन धापा टाकत म्हणाला. "फटीत घालू."

"सोडा तिला." भैरू पुढे आला. "बाजूला व्हा समदे."

ते बाजूला झाले. त्याने ओठाचा फास सोडवला, ओठ चोळला. लगाम हातात घेतला आणि गार पडलेलं ते लोखंड काट्यांसकट मुठीत धरून राहिला, जरा ऊब येईपर्यंत. मग दुसरा हात तिच्या हनुवटीखाली नेला. राजलक्ष्मी थरथरत होती. तिने त्याच्या तळहाताचा वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि तोंड उघडलं.

त्याने लगाम आत सरकवला.

"बघ!" मिथुन म्हणाला. "तुझ्याकडून कशी गुमान घेते. उगाच वेळ घालवलास."

भैरूने पट्टा आवळला, दोरी धरली आणि टेंपोकडे चालायला लागला. त्याला ओढावं लागलं नाही. ती त्याच्या मागोमाग आली.