न झालेली आल्दोन्सा

सालामांकाच्या विद्यापीठाची परीक्षा चर्चमध्ये होते; पास झालेला पुढच्या दारानं बाहेर येतो आणि नापास झालेला मागच्या, गाड्यांच्या दारानं. आल्दोन्सा सकाळपासून कोपऱ्यावर उभी होती. तिथून दोन्ही दारं दिसत. आत तिचा धाकटा भाऊ गास्पार धर्मशास्त्राचा डॉक्टर व्हायला पंडितांपुढे बसला होता. नापास झालास तर गावी येऊन मेंढ्या राख, असं बापानं त्याला बजावलं होतं.

गेलं वर्षभर ती पीठ मळता मळता त्याच्याशी वाद घालायची, सराव म्हणून. विषय एकच: जे घडलेलं नाही पण घडू शकतं, ते देवापाशी कसं असतं? काल संध्याकाळी तिनं विचारलं होतं, "शिकायची हौस मला तुझ्याहून जास्त. डॉक्टर झालेली आल्दोन्सा होऊ शकली असती ना? झाली नाही. मग ती देवापाशी आहे, की ही सगळी नुसती थाप?"

गास्पार तसाच ताटावरून उठला. बिचारा जेवलासुद्धा नाही. जळो माझी जीभ, असं तिला तेव्हापासून झालं होतं.

एवढ्यात मागचं दार करकरलं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. उघडून पाहते तो काय, पंडितांच्या मेजवानीची खरकटी भांडी लादलेलं गाढव!

मग पुढून एकच गलका उठला. ती धावत सुटली. गास्पार बरोबरच्या विद्यार्थी पोरांच्या खांद्यावर, डॉक्टरची टोपी तिरकी, हसून हसून लाल.

"ताई, तुझाच प्रश्न आला गं! म्हातारे म्हणाले, देवानं जे घडवलंच नाही ते त्याला ठाऊक कसं?"

"आणि तू काय तारे तोडलेस?"

"म्हटलं, ते शोधायला देव बाहेर जात नाही. तो स्वतःकडे पाहतो, त्यातच त्याला सगळं दिसतं, झालेलं आणि न झालेलंही. आमची ताई तिथं टोपी घालून बसलीय, आणि तुमच्यातल्या दोघांना तिनं केव्हाच गप्प केलंय!"

पोरं रिवाजाप्रमाणे भिंतीवर लाल रंगानं त्याचं नाव लिहीत होती. गास्पारनं कुंचला हिसकावला आणि आपल्या नावाच्या वर तिचं नाव लिहिलं.

"अरे, ती कुठं पास झालीय?" कुणीतरी ओरडलं.

"देवाला विचार!"

आल्दोन्साला रडू आवरेना, आणि हसूही. तिनं त्याच्या डोक्यावरची टोपी उचलून आपल्या डोक्यावर घातली.

"टोपी दे, ताई."

"आधी माझ्याशी वाद जिंक," ती म्हणाली, आणि टोपी घालूनच घरी पीठ मळायला निघाली.