बाबांच्या वाटणीचं ऊन

प्रयोगशाळेचा नियम साधा होता: तपासून झालेली रक्ताची नळी सात दिवस फ्रिजमध्ये ठेवायची आणि मग टाकून द्यायची. तिच्या बाबांच्या नळीचा आज सातवा दिवस होता. बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते.

दिवसभर लोकांच्या रक्तातलं व्हिटॅमिन डी मोजणारी बाई ती. थंडी पडली, ऊन आटलं, की आकडे घसरायचे आणि तेव्हाच फ्लूचे रुग्ण वाढायचे. दोन्हींचा संबंध असू शकतो, असं तिथे सगळेच म्हणायचे. आणि एवढं ऐकून या शहाणीने घरी काय केलं? साथ सुरू होताच, गार वारा बाधेल म्हणून बाबांची खुर्ची बाल्कनीतून आतल्या खोलीत नेली आणि पडदे ओढून घेतले!

"अगं, मी काय कांदे-बटाटे आहे, अंधारात साठवायला?" बाबा कुरकुरले. तिने दटावलं. दोन महिन्यांनी फ्लू घरात शिरला तो शिरलाच, आणि आठवड्याभरात बाबांना घेऊन गेला.

"सर, त्यांचं डी तपासते. मीच त्यांचं ऊन तोडलं," ती म्हणाली.

प्रयोगशाळेचे म्हातारे डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "एका नळीवरून फ्लूचं कारण कुणालाही सांगता येत नाही, पोरी. कशाला जखमेवर मीठ चोळून घेतेस?"

तिने ऐकलं नाही. नळी यंत्रात लावली आणि हात जोडल्यासारखी समोर बसून राहिली. आकडा आला चौतीस. म्हणजे पुरेसं! तिने नळीवरचं नाव तीनदा वाचलं. बाबांचंच होतं.

"बघ, सुटलीस," डॉक्टर म्हणाले.

सुटली कसली! बंद खोलीत, एकही गोळी न घेता, चौतीस आला कुठून?

संध्याकाळी शेजारच्या मावशी जेवण घेऊन आल्या, तेव्हा तिने त्यांनाच विचारलं. मावशींनी आधी आढेवेढे घेतले, मग त्या रडायलाच लागल्या.

"तू कामावर गेलीस की बाहेर पायरीवर येऊन बसायचे गं. सदरा काढून, पाठ उन्हाला देऊन. तू यायच्या आत पुन्हा खोलीत, पडदा ओढून. मला म्हणायचे, सांगू नका हं, पोरगी दमून येते, तिच्या जिवाला घोर नको."

"लबाड कुठले!" तिला रडता रडता हसू फुटलं. मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मग सहज तिने विचारलं, "आणि रविवारी?"

"रविवारी कसे येतील? रविवारी तू घरी असायचीस ना."

आठवड्यातून तेवढाच एक दिवस बापलेक एकत्र असायचे, आणि तेवढाच दिवस बाबा तिच्यासाठी अंधारात बसून काढायचे. ताट तसंच राहिलं. मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली.