केझायाबाई मत द्यायला निघाल्या

"सरका जरा, बाईंना बसू द्या," मायका म्हणाला. गाडीवाल्याने लगामाकडे बघतच उत्तर दिलं.

"जागा मतदारांसाठी आहे रे. पक्षाची गाडी. मला तसंच सांगितलंय."

केझायाबाई हेवलिंग्ज एक पाय पायरीवर ठेवून उभ्या होत्या. राखी झगा, कडक इस्त्रीची टोपी. खाडीवर दोराने ओढून माणसं-गाड्या पार नेणारा तराफा त्यांचा. आत्ताच त्यांनी ही गाडी घोड्यांसकट अलीकडे आणली होती आणि दरवर्षीप्रमाणे तराफा बांधून त्या गाडीपाशी आल्या होत्या.

"गेल्या साली तूच हात धरून चढवलंस मला, टोबायस," त्या म्हणाल्या.

"गेल्या सालची गोष्ट निराळी होती, बाई."

त्यांनी पाय खाली घेतला आणि चालायला लागल्या. गाडीत बसलेला मायका चुळबुळला, मग उडी मारून त्यांच्या मागे आला. तो त्यांचा गडी. तराफ्याचा दोर ओढायचा, गोठ्यावरच्या माळ्यावर झोपायचा. नावावर काही नाही. यंदा त्याने पहिल्यांदा कर भरला होता आणि तेवढ्यावर तो मतदार झाला होता. अंगातला कोटही मागून आणलेला होता.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत १८०७ सालापर्यंत मालमत्ता असलेल्या विधवेला मत होतं. नवऱ्यामागे तराफा आणि घर केझायाबाईंकडे आलं, त्याबरोबर मतही आलं. एका वर्षी दोन्ही पक्षांच्या गाड्या एकदमच दारात आल्या आणि बाईंना कोण नेणार यावरून गाडीवाल्यांची जुंपली होती. मग मागच्या हिवाळ्यात कायदा बदलला. कर भरणाऱ्या प्रत्येक गोऱ्या पुरुषाला मत. बायकांना आणि काळ्यांना नाही. उत्तरेकडे म्हणे कुठल्याशा निवडणुकीत पुरुषांनी झगे घालून तीन-तीनदा मतं टाकली, त्याचं हे निमित्त. केझायाबाईंनी कायदा वाचला होता. त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला: हे लबाडांसाठी आहे. इथे मला कोण ओळखत नाही?

"परत फिरायचं का?" वाटेत मायकाने विचारलं.

"तुला फिरायचं असेल तर फीर."

"तसं नाही हो. लोक हसतील."

"नवऱ्यामागे मी तराफा चालवायला घेतला तेव्हाही हसले होते. हसले आणि त्याच तराफ्यावरून पलीकडे गेले."

मतदान खानावळीत होतं; अंगणात सायडरचं, सफरचंदाच्या दारूचं, पिंप उघडलं होतं. दाराशी सायरस लोहार टोपी हातात घेऊन उभा होता. स्वतःचं घर, स्वतःची भट्टी असलेला काळा माणूस. तोही इतकी वर्षं मत देत आला होता.

"आत जाऊ नका, बाई. मी जाऊन आलो."

"तुझं वेगळं असेल, सायरस."

"मलाही तसंच वाटलं होतं. म्हटलं, बायकांपुरतं असेल."

त्या आत गेल्या. टेबलावर मतपेटी होती, पेटीमागे एनॉक बड. पिठाची चक्की चालवणारा हा माणूस यंदा निवडणुकीचा अधिकारी होता. केझायाबाईंनी घडी घातलेली मताची चिठ्ठी पुढे केली.

"केझाया," एनॉक हळूच म्हणाला, "घेता येत नाही मला."

"मी कोण ते माहीत आहे ना तुला?"

"म्हणून तर नीट सांगतोय."

नवरा गेल्यावर तिसऱ्या वर्षी एनॉकने त्यांना मागणी घातली होती. माणूस भला होता. त्यांना आवडतही होता. पण लग्न केलं की तराफा एनॉकचा, घर एनॉकचं आणि मत जाणार. 'तू म्हणशील त्यालाच मी मत देईन, मग झालं?' एनॉक हसत म्हणाला होता. त्यांनी नाही सांगितलं. पुढच्या वर्षी त्याने दुसरीशी लग्न केलं. आता त्याला चार मुलं होती.

केझायाबाई टेबलावर वाकल्या. त्यांचा आवाज फक्त त्याच्यापुरता होता.

"हे मत राखायला मी तुला नाही म्हणाले होते, एनॉक."

एनॉक पेटीच्या झाकणाकडे बघत होता.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तेव्हाही माहीत होतं."

मागून कोणीतरी खाकरलं. रांग वाढली होती. केझायाबाई बाजूला झाल्या.

अंगणात मायकाने त्यांना गाठलं. त्याचे कान लाल झाले होते.

"द्या ती चिठ्ठी इकडे. माझ्याऐवजी तुमचीच टाकतो. कोणाला कळतंय?"

"मग तुझं मत कुठे जाईल?"

"माझं काय हो! मला कुठे त्यातलं कळतं?"

"नाही कळत तर कळून घे. इंग्रजांची कोंडी करायला अध्यक्षांनी बंदरं बंद केलीत, माल बाहेर जात नाही, गहू कोठारात सडतोय. रोज दोर ओढताना लोकांचं ऐकतोस ना? जा, आणि तुझं तू टाक."

तो आत गेला. बाहेर आला तेव्हा कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हातात पेला दिला. केझायाबाई तोवर वाटेला लागल्या होत्या.

दिवस कलताना माणसं काठावर परतली. मायकाला बरीच चढली होती, म्हणून दोर बाईंनीच घेतला. तराफ्यावर बंदरबंदीवरून कडाक्याचं भांडण चाललं होतं. या तराफ्यावर असं भांडण नेहमीचंच. त्यात केझायाबाईंचा आवाज सर्वांत वर असायचा. एकदा टोबायस त्यांना 'इंग्रजांची हस्तक' म्हणाला होता आणि त्यांनी त्याला मधल्या पाण्यात उतरवायची धमकी दिली होती.

"बंदी उठली नाही, तर पुढच्या साली पेरायचं कशाला?" दोर ओढत त्या म्हणाल्या.

भांडण थांबलं. टोबायसने टोपी काढली. बाकावरचे दोघं उठून उभे राहिले आणि त्यांनी बाईंसाठी जागा केली.

"बसा ना, बाई. दोर आम्ही ओढतो," एकजण म्हणाला.

"नको."

मग टोबायसने अगदी आदबीने विचारलं, "यंदा सफरचंदाचा मुरंबा घातलात का, बाई?"

"घातला," केझायाबाई म्हणाल्या आणि हात पुढे टाकून दोर ओढला.