कच्चं खत

सकाळपासून वांग्याची आणखी बारा रोपं मेली होती. धाकटी भावजय एकेक रोप उपटून बघत होती. कालपर्यंत हिरवंगार, आज खाली मूळच नाही. माती उकरली की मुळं खाणारी पांढरी, वाकडी हुमणीची अळी हाती लागायची आणि ती साबणाच्या पाण्याच्या डब्यात जायची. नवरा कामाला परगावी, म्हणून हे शेत यंदा बाईनं एकटीनं उभं केलेलं.

बांधावर थोरला दीर उभा होता. मदतीला आला म्हणे, पण पाय काही बांधावरून हलत नव्हते. लागवडीआधी तिनं खत मागितलं, तेव्हा त्यानं खड्ड्यातलं मुरलेलं आपल्या मिरचीला राखलं आणि वरचं कच्चं शेण तिच्या गाडीत भरलं. कच्च्या शेणातून हुमणी येते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एवढ्यानं काय होतंय, असं तेव्हा वाटलेलं. आता त्या डब्याकडं बघवत नव्हतं.

"रोपवाल्यानंच फसवलं, त्याच्या रोपांच्या मातीतूनच ही कीड आलीय," ती म्हणाली. "वर माझ्याच खताला नावं ठेवत होता. काल त्याच्या दारात त्याला चोर म्हणून आले. म्हटलं, खत माझ्या दिराचं आहे, त्यात खोट निघायची नाही."

दिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता विषारी औषध नको मला, भावजी. माती नासते. बुरशीची पावडर आणलीय, अळीला रोग लावून मारते. पण ती मुरलेल्या खतात कालवावी लागते. दोन पाट्या द्या की, मागच्यासारखंच."

तो खड्ड्याकडं गेला. वरचा थर बाजूला सारून तळाचं खत दोन पाट्यांत भरून आणलं. काळंभोर, भुसभुशीत. तिनं मूठभर घेऊन चुरडलं, वास घेतला.

"हे मागच्यासारखं नाही."

"नाही. तुला वरचं दिलं होतं. हुमणी त्यातूनच आलीय. माझं चुकलं, पोरी."

तिनं मूठ पाटीत झटकली.

"आणि मी त्या माणसाला चोर म्हणाले," ती हळूच म्हणाली. मग पदर खोचला. "उचला पाट्या. आधी खत घालू, मग त्याच्या दारात जाऊ. बोलायचं तुम्ही."

"संध्याकाळी जाऊ. तेव्हा कुणी नसतं तिथं."

"काल मी गेले तेव्हा चार गिऱ्हाइकं होती," ती म्हणाली. "तेवढी जमली की तोंड उघडा."