बिनलॅकरची रिंग

रिंगेला वरून लॅकरचा पारदर्शक थर मारायचा की नाही, यावर रंगारी सकाळपासून स्वतःशीच हुज्जत घालत होता. गाडीच्या हेडलाइटभोवतीची ती जुनी रिंग समोर तारेला टांगलेली होती. काळ्या चकचकीत रंगाचा थर कालच वाळला होता. त्यावर लांबून, अगदी हलक्या हाताने क्रोमचा स्प्रे बसला, तशी ती आरशासारखी लखलखायला लागली. लॅकर मारलं की ती टिकणार होती, पण लॅकरखाली ही झळाळी मरते आणि क्रोम ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखं मंद दिसतं. नाही मारलं, तर बोट लागायचा अवकाश, सगळी चांदी बोटावर यायची.

गिऱ्हाइकांना तो हे स्वच्छ सांगून टाकी. लोकांना टोपी घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. फसवत होता तो फक्त आपल्या बापाला.

आप्पा, म्हणजे त्याचे वडील, अस्सल क्रोमवाले. त्यांनी उभा जन्म आम्लाच्या टाकीवर वाकून काढला, बंपर आणि रिंगा बुडवल्या, उजळून बाहेर काढल्या. टाकीच्या वाफेने आधी त्यांचं नाक खाल्लं, मग छाती. अंथरूण धरलं तेव्हा टाकी मुलाच्या हवाली केली. मुलाच्या हातून ती वर्षभरही चालली नाही. टाकीतलं आम्लाचं पाणी नाल्यात सोडायला बंदी आली, टाकी भंगारात गेली आणि त्याने स्प्रेगन हातात घेतली. हे आप्पांना सांगायचा धीर मात्र त्याला कधी झाला नाही. रोज संध्याकाळी अंगाला थिनरचा भपकारा घेऊन तो खाटेशी बसे आणि आज टाकी कशी तापली होती, याच्या थापा मारी. आप्पांना वासच येत नसल्यामुळे त्या पचून जात.

आता डॉक्टरांनी हात टेकले होते. घरीच ठेवा, म्हणाले होते. आप्पांनी एवढंच मागितलं की टाकीतून काढलेलं एखादं काम दाखव. जाता जाता बापाला कळावं की आपण धंदा बुडवला, हे रंगाऱ्याला सोसवणार नव्हतं. त्याने लॅकरचा डबा बंद केला. हातात बळ कुठे राहिलंय, आप्पा नुसते बघतील आणि मान हलवतील, असा त्याचा हिशेब होता. तारेला धरूनच त्याने रिंग सांभाळून घरी नेली.

खाटेशी ती उंच धरल्यावर आप्पांचे डोळे कितीतरी दिवसांनी हसले. काम छान उतरलंय, म्हणाले. रंगाऱ्याच्या जिवात जीव आला. तेवढ्यात म्हाताऱ्याने मान पुढे केली, रिंगेवर तोंडाची वाफ सोडली आणि अंगठ्याने पुसली. क्रोमवाल्यांची ही जन्माची खोड, काम हाती आलं की वाफ सोडायची आणि पुसून बघायचं. लहानपणापासून पाहत आलेली गोष्ट आपण विसरलो कशी, हे त्याला कळेना. आप्पांचा अंगठा चंदेरी झाला होता आणि रिंगेवर काळा पट्टा उघडा पडला होता.

"रंग आहे हा," आप्पा म्हणाले.

मग त्याने सगळंच सांगून टाकलं. टाकी, भंगार, रोजच्या थापा, काही शिल्लक ठेवलं नाही. आप्पा चिडले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. पण ते अंगठ्याकडेच बघत राहिले.

"म्हणजे तू टाकीवर उभाच राहिला नाहीस?"

"थोडे महिने राहिलो. मग नाही."

आप्पांचे डोळे भरून आले. "तुला तिथं उभं केलं ना, तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. वाटायचं, पोराचंही नाक जाणार, छाती जाणार, आणि करणारा मीच." थोडा दम खाऊन त्यांनी विचारलं, "नाक शाबूत आहे ना रे तुझं?"

थिनरने त्याचं नाक केव्हाच गेलं होतं. समोर दूध करपलं, तरी बायकोला धावत यावं लागे. जिना चढताना छातीत घरघरही सुरू झाली होती. बायकोखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आहे की," तो म्हणाला.

"मग सांग, आत्ता कसला वास येतोय?"

स्वयंपाकघरात काहीतरी चरचरत होतं. त्याने तिकडे कान दिला.

"कांद्याचा. तेलात लालसर झालाय. गोडसर वास येतोय, कडेने जरासा करपल्यासारखा."

आप्पांनी डोळे मिटून घेतले आणि अजून सांग म्हणाले. तो आठवून आठवून सांगत राहिला.

बायको दारात येऊन उभी होती. तिने तव्यावर मासे टाकले होते आणि घरभर त्यांचाच वास भरला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"हो आप्पा, कांदाच आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन कांदा चिरायला बसली.