शिवकन्येच्या पायाखालची शहाबादी

मित्रांनो, जरा खाली बघा. आणखी खाली. चपला काढल्या असतील तर उत्तम, नसतील तर आधी काढून या, मग बोलू. मी लातूरच्या एका घरातली शहाबादी फरशी आहे. जुनी आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. लोक माझ्या अंगावर उभे राहून बोलतात, भांडतात, पाणी सांडतात, त्याचंही मला काही नाही. राग येतो तो "कसली मेली जुनाट फरशी!" असं म्हणणाऱ्यांचा. अरे, दगडाला जुनाट म्हणता? खाणीत होते तेव्हाच मी तुमच्या पणजोबांच्या पणजोबांहून मोठी होते.

मला कुणी भट्टीत भाजलं नाही की माझ्यावर रंग चढवला नाही. शहाबादकडच्या खाणीत आम्ही थरावर थर अशा झोपलेल्या होतो. कामगारांनी छिन्नी लावली, पहार घातली, की एकेक थर अलगद सुटायचा. कडा सरळ केल्या की झाली फरशी तयार. मग ट्रकमध्ये रचून आम्हांला लातूरला आणलं. उतरवताना कुणाचा तरी हात निसटला आणि माझा एक कोपरा उडाला. गवंडी वीरण्णा म्हणाला, "ही गेली कामातून." घराचे मालक गुरुपादप्पा पेंडीचे दुकानदार. ते म्हणाले, "कोपरा गेलाय, बाकी धडधाकट हाय की. लाव कुठंतरी आत." अशी मी स्वयंपाकघरात शेगडीपाशी आले. त्या माणसाचे उपकार मी कधी विसरले नाही.

घर साधंच होतं. ज्या फरश्या खरबरीत निघाल्या त्यांना वीरण्णानं छिन्नीनं ठोकून आणखी टाकी लावली आणि मोरीत बसवल्या, म्हणजे ओल्या पायानं कुणी घसरू नये. त्यातल्या त्यात गुळगुळीत होत्या त्या देवघरात गेल्या. स्वयंपाकघराच्या दारातली एक फरशी खाली नीट भर न घातल्यामुळे पोकळ वाजायची. गुरुपादप्पा वीरण्णाला त्यावरून कायम टोमणे मारत, आणि तो दर वेळी "उद्या करतो" म्हणून चहा पिऊन जाई.

गुरुपादप्पांना दोन लेकरं. थोरली शिवकन्या, धाकटा वीरेश. शिवकन्येची नजर अगदी लहानपणीच आजारात गेली. शेजारणी तिच्या आईला, दानम्माला, सांगायच्या, "पोरीला एका जागी बसवत जा बाई, कुठं धडपडंल." दानम्मा खमकी. ती म्हणायची, "धडपडू दे की. पाय हायेत न्हाई का तिला?" आणि तिनं लेकीला अनवाणी घरभर फिरवलं. "गार, गुळगुळीत लागलं का? हे देवघर. टोचायलंय? मोरी आली, आता जपून. इथं टाच आपट बरं. पोकळ वाजलं? मग सैपाकघरात आलीस तू." मला असं वापरता येईल हे मलाही ठाऊक नव्हतं. पण त्या पोरीनं आम्हां सगळ्यांची ओळख करून घेतली. माझा तुटका कोपरा अंगठ्याला लागला की तिला कळायचं, शेगडी उजव्या हाताला आणि पिठाचा डबा डाव्या हाताला.

पुढे आईवडील गेले. वीरेश दुकानात बसू लागला, त्याची बायको शिल्पा घरात आली, आणि शिवकन्येनं कडक भाकरीचं काम सुरू केलं. तुम्ही खाल्ली आहे ना ज्वारीची कडक भाकरी? पापडासारखी पातळ, मोडली की कुडुम वाजणारी? तशी भाकरी लातुरात पुष्कळजणी करतात, पण शिवकन्येच्या हातची वेगळीच. मी पक्षपात करते म्हणा हवं तर. ती माझ्यावर मांडी घालून बसायची, पुढ्यात काठवट घ्यायची आणि थापायला लागायची. भाकरी भाजली की नाही ते तिला वासावरून कळे. क्लाससाठी शहरात राहणारी पोरंपोरी दारात येऊन हाक मारत, आणि ती झपझप चालत जाऊन त्यांच्या हातात पुडा ठेवून येई. नवीन आलेल्या पोरांना कित्येक दिवस कळायचंही नाही की या अक्काला दिसत नाही.

उन्हाळ्यात तर आमची चंगळ असे. बाहेर डांबर वितळायचं आणि घरातले सगळे, पाहुण्यांसकट, आमच्यावर अंग टाकून पडायचे. "काय गारवा हाय हो तुमच्याकडं!" असं म्हणत लोक उठायचं नाव घेत नसत. ते ऐकून मला फार बरं वाटे.

मग गल्लीत घरोघरी पांढऱ्या चकचकीत टाइल्स आल्या. आमच्या सांध्यांमध्ये काळं धरलं होतं, तेलाचे डाग मुरले होते, आणि वीरेशला ते डाचायला लागलं. कुणी आलं की तो घाईघाईनं सतरंजी पसरायचा. वर्षातून एकदा सांधे भरून द्यायला गवंड्याला बोलावलं असतं तरी आम्ही उजळून निघालो असतो, पण ते कुणाच्या मनात आलं नाही. एक दिवस त्यानं बहिणीला विचारलं, "अक्का, फरशी बदलू का?" ती म्हणाली, "फरशीला काय धाड भरलीय?" तो हसला. त्यानं प्रश्न विचारला होता, उत्तर काही ऐकलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात शिवकन्या बारशाला उदगीरला मावशीकडे गेली. ती येईपर्यंत घर चकाचक करून तिला खूश करायचं, असं वीरेशनं ठरवलं. मनाचा वाईट नाही हो तो. त्यानं ठेकेदार लावला. पहारी आल्या, आम्ही उखडल्या गेलो आणि मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभ्या राहिलो. जन्मभर आडवी पडलेली मी पहिल्यांदाच उभी राहिले, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. वीरेशनं आम्हांला कंधारकडचे शेतकरी शेषेराव यांना देऊन टाकायचं कबूल केलं होतं. ते त्याच्या दुकानातून पेंड नेत. त्यांना गोठ्यासाठी दगड हवा होता.

शिवकन्या आली तेव्हा मागचं दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तिनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि ती थांबली.

"बघ अक्का, कसं झालंय! आरसा झालाय आरसा!" वीरेश म्हणाला.

तिनं पाय पुढे सरकवला, बाजूला सरकवला, मग मागे घेतला. "वीरेश, मी कुठं हाय रे?"

"घरात हायेस की!"

"न्हाई रे. सगळं एकच लागायलंय. देवघर कुठं, मोरी कुठं, कायच कळंना."

"होईल सवय. नवीन हाय म्हणून वाटतंय."

तिनं सवय करायचा प्रयत्न केला. खरंच केला. भिंत धरून चालली, पावलं मोजली, शिल्पाला हाका मारल्या. पण पिठाचा हात घेऊन उठली की कुठे वळायचं ते चुकायचं. मोरीतून ओल्या पायानं येताना एकदा ती सपशेल आपटली. दुसऱ्यांदा तापलेल्या तव्यावर तिचा हात पडला. शिल्पा घाबरली. तिनं शेगडी उचलून ओट्यावर ठेवली आणि मायेनंच म्हणाली, "आता तुम्ही बसा अक्का, मी बघते." वीरेशनं एक गुबगुबीत खुर्ची आणली. शिवकन्या खुर्चीत बसू लागली. तिला हातात चहा मिळे, हातात ताट मिळे, मोरीपर्यंत हात धरून नेलं जाई. पोरं भाकरीसाठी दारात हाक मारत आणि शिल्पा त्यांना "सध्या बंद हाय" असं सांगे. अंगणात उभ्या उभ्या मला ते ऐकवत नव्हतं.

पण ती दानम्माची लेक होती. एका सकाळी वीरेश आंघोळीला आणि शिल्पा दारात भाजीवाल्यापाशी असताना ती खुर्चीतून उठली. भिंत चाचपत, दोनदा चुकत, मागच्या दारातून अंगणात आली. तिचा हात आमच्या रांगेवरून फिरत फिरत माझ्या तुटक्या कोपऱ्यावर येऊन थांबला. "इथं हायेस व्हय गं!" ती म्हणाली. आणि नेमकी त्याच वेळी फाटकाशी शेषेरावांची ट्रॉली येऊन लागली.

वीरेश डोकं पुसत बाहेर आला. शेषेरावांनी गड्याला खूण केली. शिवकन्या आम्हांला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"यातली एकबी फरशी हलायची न्हाई."

"अक्का, पाहुण्यापुढं काय हे? शब्द दिलाय मी त्यांना."

"मला इचारून दिलास का?"

"तुझ्यासाठीच तर केलं सगळं! घर चांगलं दिसावं म्हणून."

"दिसावं म्हणून. कुणाला रे?"

शेषेरावांना बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बहीणभावाचं वाजलेलं पाहून ते अवघडले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "राहू द्या अक्का, मी दुसरीकडं बघतो. अडचण एवढीच की माझ्या गाई लई पडायल्यात. लेकानं हौसेनं गोठ्यात चिकनी फरशी बसवली. एक गाय अशी फाकून पडली की उठवायला चौघं लागले. आता जनावर पाऊलच टाकंना. दिसभर एका जागी उभं. वैरण बी तोंडाशी न्यावी लागायली. म्हटलं, खरबरीत दगड घातला तर भ्या मोडंल त्यांचं."

शिल्पा भाजीची पिशवी घेऊन मागच्या दारात येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, आपल्या अक्काबी तशाच बसून राहिल्यात की."

वीरेशनं वळून आत पाहिलं. चकचकीत हॉलमध्ये ती गुबगुबीत खुर्ची रिकामी दिसत होती. त्याचा चेहरा पार उतरला.

"मला वाटलं, तू थकलीस म्हणून बसतीस," तो म्हणाला.

"थकायला काम करावं लागतंय, वीरेश. मला काम कर, चल, ऊठ म्हणायला कुणी न्हाई ऱ्हायलं. नुसतं बस म्हणतेत." तिचे हात आमच्यावरून हलले नाहीत. "सगळं उखडू नको. मला फक्त माझी वाट दे. पुढच्या दारापासून शेगडीपोतर, तिथून मोरीला, मोरीतून देवघराला. बाकीचं ऱ्हाऊ दे तुझं आरशासारखं."

"लोक काय म्हणतील, मधीच काळे दगड..." वीरेशनं एकदा म्हणून पाहिलं.

"म्हणू दे. त्यांना कुठं इथं भाकरी थापायचीय?"

वीरेश खुदकन हसला आणि लगेच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेषेराव म्हणाले, "हे बेस झालं. उरतील त्या माझ्या गाईंना." आणि आमच्यातल्या निम्म्या बहिणी त्या दिवशी ट्रॉलीत बसून कंधारकडे गेल्या. चार दिवसांनी शेषेरावांचा फोन आला, गाई चालायला लागल्या म्हणून.

वीरण्णा आता म्हातारा झाला आहे, पण आला. कुरकुर करतच आला. नव्या टाइल्स कापून त्यानं आम्हांला त्यांच्या बरोबरीनं, ठेच लागू नये अशा बसवल्या. मोरीत टाकीच्या, देवघरात गुळगुळीत, आणि दारातली पोकळ वाजणारी फरशी त्यानं या खेपेला मुद्दाम पोकळच ठेवली. शेगडी खाली आली. मला बसवताना त्यानं विचारलं, "शिवकन्या, हिला पालथी घालू का? खालची बाजू कोरी करकरीत हाय, एक डाग न्हाई."

"नको, वीरण्णाकाका. हीच बाजू ओळखीची हाय माझ्या पायाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या उठली. शिल्पा सवयीनं हात धरायला धावली. शिवकन्येनं तो हात हलकेच सोडवला. "हात नको, शिल्पा. तू पोरांना फोन कर, भाकरी मिळंल म्हणावं." आणि ती निघाली. पहिली दोन पावलं जपून, मग नेहमीसारखी, झपझप. माझ्यापर्यंत आली, मांडी घालून बसली आणि काठवट ओढून घेतली. वीरेश दारात उभा होता. दुकानाला उशीर झाला तरी तो तिथून हलला नाही.

आता पाहुणे विचारतात, पांढऱ्या फरशीतून हा काळा पट्टा कशाला? वीरेश सतरंजी पसरत नाही. तो सांगतो, "ती आमच्या अक्काची वाट हाय. तिच्यावर खुर्ची ठेवू नका."

मित्रांनो, नवं आणू नका असं मी म्हणत नाही. घर तुमचं आहे, खुशाल सजवा. पण जुनं काही उखडण्याआधी त्याच्या आधारानं घरात कोण जगतंय, ते बघा. त्या माणसाला विचारा, आणि विचारलंत तर उत्तर ऐकून घ्या. सांधे भरा, डाग घासा, मोडलेलं दुरुस्त करा. एवढं केलंत तर आमच्यासारख्या वस्तू तुमच्या नातवंडांनाही पुरतील. माझी तर खालची बाजू अजून कोरीच आहे. पण वरच्या बाजूवर सध्या शिवकन्या बसली आहे, तवा तापला आहे, आणि तिचं काम चालू असताना मला हलवायला कुणी येऊन तर बघा!