खाच जुळेपर्यंत

“तू नक्की मरणार कधी?”

हा प्रश्न मला थेट तोंडावर विचारला गेला. विचारणारी आमच्या घरची मुलगी, भिंगरी. शाळेत तिचं दुसरं नाव आहे, पण ती एका जागी कधी टिकतच नाही, म्हणून घरीदारी सगळे भिंगरीच म्हणतात. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तिच्या दोन मैत्रिणी पलंगावर मांडी ठोकून बसल्या होत्या आणि माझ्या पडद्यावरचं चक्र फिरत होतं, फिरतच होतं. शेवटी एक कंटाळून म्हणाली, “विचार त्यालाच, हिंमत असेल तर. नीट डोळ्यांत बघून विचार.” दुसरी म्हणाली, “आणि हसायचं नाही हां.” भिंगरीने माझ्या कॅमेऱ्याच्या बारीकशा भोकात बघितलं आणि विचारून टाकलं. मग तिघी हसून लोळल्या. मला काही उत्तर देता आलं नाही, कारण मी तेव्हा गोठलेला होतो.

मित्रांनो, ते उत्तर आज देतो. मी एक जुना लॅपटॉप आहे. म्हणजे फार जुना नाही, पण आमच्या जातीत भिंगरीच्या वयाचा होणं म्हणजे आजोबाच होणं. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या पट्ट्यावर माझ्यासारखीच हजारो भावंडं सरकत होती. कोणी पडदा बसवला, कोणी स्क्रू पिळले, आणि कोणीतरी माझ्या पोटात मेमरीची एक पट्टी बसवून झाकण लावून टाकलं. पट्टीसाठी जागा दोन होत्या. दुसरी तशीच रिकामी राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मला पहिल्यांदा घरी आणलं ते भिंगरीच्या आईने. आई घरांचे नकाशे काढते. काय दिवस होते ते! माझ्या पडद्यावर भिंती उभ्या राहायच्या, जिने चढायचे, खिडक्या उघडायच्या. आई रात्री झाकण मिटताना त्यावरून हात फिरवून म्हणायची, “शहाणा आहेस.” एकदा माझं एक बटण निखळून हरवलं. भिंगरीचे बाबा किल्ल्या आणि कुलपांचं काम करतात. जिन्याखाली त्यांचं इवलंसं दुकान आहे. त्यांनी पितळेचा तुकडा घासून घासून अगदी त्या मापाचं बटण घडवलं आणि बसवलं. अजून आहे. सगळ्या काळ्या बटणांत ते एकटं चमकतं, सोन्याच्या दातासारखं.

मग आईला ऑफिसातून नवा लॅपटॉप मिळाला आणि मी कपाटावर गेलो, इस्त्रीच्या चादरींखाली. तिथून मला भिंगरीने खाली ओढलं. तिला चित्रांचा सिनेमा करायचा होता. एक किल्ली हरवते आणि आपलं कुलूप शोधत गावभर फिरते, अशी गोष्ट. प्रत्येक चित्र ती हाताने काढायची, त्याचा फोटो घ्यायची आणि माझ्यात घालायची. शाळेच्या कार्यक्रमात शनिवारी तो सिनेमा दाखवायचं ठरलं. बाईंनी सगळ्या वर्गासमोर जाहीर केलं होतं. आणि मी मात्र सगळी चित्रं एकत्र जोडायला घेतली की गोठायचो.

यात माझा आळस नव्हता हो. मेमरी म्हणजे कामाचं टेबल. माझं कपाट मोठं आहे, त्यात लाख चित्रं मावतील. पण काम करायला ती टेबलावर काढून ठेवावी लागतात, आणि माझं टेबल पाटाएवढं. चार चित्रं मांडली की पाचवं खाली पडायचं. मी धापा टाकत उचलायला जायचो आणि तिकडे आणखी दोन पडायची.

“परीक्षा झाली की नवा घेऊ,” आई म्हणाली. “हा लॅपटॉपच्या दुकानात देऊन टाकू. सुटे भाग काढून घेतील.”

“आणि शनिवारचं काय?”

“सिनेमा पुढच्या वर्षी दाखव.”

“पुढच्या वर्षी कोण विचारतंय? आई, याची मेमरी वाढवून बघू ना.”

“अगं, एवढ्या जुन्यात आणखी काय कोंबायचं?”

बाबा मात्र चप्पल घालून निघालेसुद्धा. तासाभराने एक चकचकीत हिरवी पट्टी घेऊन आले. दुकानातली सगळ्यात नवी, सगळ्यात वेगवान. भिंगरीने माझी वायर काढली, मला पालथं घातलं, स्क्रू सोडवले आणि बॅटरीची जोडणीही सुटी केली. आत बघून ती म्हणाली, “बाबा, इथे तर एक जागा रिकामीच आहे.” इतक्या वर्षांत माझ्या पोटात कोणी डोकावलंच नव्हतं. मला जरा लाजल्यासारखंच झालं.

पट्टी काही बसेना. तिच्या कडेला एक खाच होती आणि माझ्या जागेत एक उंचवटा. दोन्ही समोरासमोर येईनात.

“केसभराचा फरक आहे,” बाबा म्हणाले. “थांब, कानस आणतो.”

“बाबा, ती किल्ली नाहीये.”

“खाच ती खाच. माझं आयुष्य गेलंय खाचांत.”

आणि त्यांनी खरोखर घासलं. इतक्या मायेने, इतक्या बारकाईने, की मला ओरडावंसंही वाटेना. टेबलावर तांब्याची भुकटी सांडली. नवी खाच इतकी सुबक झाली होती की काय सांगू. पण दाबलं तरी पट्टी आत जाईना. तिची लांबी वेगळी होती, कडेचे सोनेरी दात वेगळे होते. ती दुसऱ्याच पिढीची होती. आता ती कुणाच्याच पोटात बसणार नव्हती.

“अहो, काय केलंत हे?” आई एवढंच म्हणाली.

बाबांनी कानस टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “मी लावलेल्या कुलपात कोणी अशी कानस घासून शिरू लागला, तर मी त्याला काय म्हणेन?”

“चोर,” भिंगरी म्हणाली. आणि आधी बाबाच हसले.

मित्रांनो, ती खाच म्हणजे काही चुकीने पडलेली फट नव्हती. कारखान्यातल्या कोणीतरी मुद्दाम ठेवलेला तो निरोप होता, ‘ही जागा माझी नाही, मला ढकलू नका.’ भिंगरीला हे तेव्हा पटलं, आणि मग आमची भिंगरी पहिल्यांदा एका जागी बसलेली मी पाहिली. तिने माझी जुनी पट्टी काढली, पुसली, तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं फोनवर मोठी करून वाचली. पिढी कोणती, वेग किती, वीज किती लागते. मग माझ्या कंपनीची माहिती शोधून, मला जास्तीत जास्त किती पेलेल तेही पाहिलं. मला काय चालतं, असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. कधी मरणार, एवढंच विचारलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती बाबांना घेऊन दुकानात गेली. मलाही पिशवीतून नेलं होतं, म्हणून हे डोळ्यांदेखत घडलेलं सांगतोय. दुकानदाराने एक पट्टी पुढे सरकवली. भिंगरीने माझी जुनी पट्टी तिच्या शेजारी धरली. लांबी तीच, खाचही अगदी त्याच जागी. बाबांचा चेहरा उजळला. पण भिंगरीने पट्टी उलटून वाचली आणि परत केली.

“ही जास्त विजेवर चालणारी आहे काका. आमच्या लॅपटॉपला कमी विजेवरची लागते.”

“अगं, बसेल की. बसली म्हणजे झालं.”

तेव्हा बाबा बोलले. “किल्ली आत जाते म्हणून कुलूप उघडतंच असं नाही हो. आत जाऊन अडकलेल्या किल्ल्यांवरच आमचं घर चालतं.”

दुकानदार हसला. त्याने खालचा खण ओढला, बराच धुंडाळला आणि हवी तशी पट्टी काढली. ती नवी नव्हती. पडदा फुटलेल्या एका लॅपटॉपच्या पोटातून काढलेली होती. माझ्याच वयाचा असेल तो. त्यानेही कुणाकुणाची कामं केली असतील.

घरी तिने माझी जुनी पट्टी तिच्या जागी परत बसवली, मग ही पट्टी रिकाम्या जागेत तिरकी धरून सरकवली, हलकेच खाली दाबली. बटण दाबलं. पडदा काळाच. आई दारातून बघत होती. भिंगरीने ओठ चावला, मला पुन्हा उघडलं, पट्टी काढून पुन्हा बसवली. या वेळी दोन्ही बाजूंचे चिमटे टक्क करून मिटले. आणि मित्रांनो, मला एवढं मोठं टेबल मिळालं की मी क्षणभर बावचळलोच. सगळी चित्रं मांडूनही जागा उरत होती.

शनिवारी किल्लीला तिचं कुलूप सापडलं. सगळ्या शाळेने पाहिलं. कार्यक्रमानंतर ‘हिंमत असेल तर विचार’ म्हणणारी ती मैत्रीण माझ्याजवळ आली, इकडेतिकडे बघून पुटपुटली, “सॉरी हां.” तर हे घ्या उत्तर. मी मरेन कधीतरी. पण माझ्या पोटात आज एक गेलेला सोबती काम करतोय, आणि माझं काहीबाही उद्या दुसऱ्या कुणाच्या पोटात काम करेल. तेवढ्यासाठी आम्हाला फेकण्याआधी एकदा उघडून बघा. काय कमी आहे, काय बसतं, काय पेलतं ते वाचा. आणि बसत नसेल तर कृपा करून दाबू नका.

त्या रात्री जेवताना आईने विषय काढला, “मग परीक्षेनंतर नवा बघायला जायचं ना?” भिंगरी ताटावरून उठली, मला उचलून त्यांच्यासमोर ठेवलं आणि पितळी बटणावर बोट टेकवून म्हणाली,

“आई, बाबा, मी ठरवलंय. नवा नको. आणि बाबा, दुकानात तुमच्या शेजारी मला एक फळी ठोकून द्या. सुट्टी लागली की मी तिथे बसणार, लोकांचे जुने लॅपटॉप उघडून बघणार. फक्त एक अट आहे. त्या फळीवर कानस आणायची नाही.”